लाकडाचा रंग आणि नाथसागराचे पाणी

मत्स्यटाकीत शोभेसाठी ठेवलेल्या लाकडातून दोन-चार दिवसांतच पाण्यात जो पिवळसर तपकिरी रंग उतरतो, त्याकडे मासे पाळणारा माणूस बहुधा बिघाड म्हणून पाहतो आणि पाणी बदलून, फिल्टर धुऊन, दुकानदाराला विचारून तो रंग घालवण्याच्या मागे लागतो. परंतु या रंगाचे कारण, त्याचा माशांवरील परिणाम आणि तो घालवण्याची किंमत या गोष्टी सुट्या करून पाहिल्या, तर बिघाड म्हणावे असे त्यात फारच थोडे उरते. छत्रपती संभाजीनगरलगतच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील बजाजनगरसारख्या ठिकाणी तर हा प्रश्न माशांपेक्षा पाण्याचा आहे, कारण रंग घालवण्याचा जो सर्वांत सोपा म्हणून सांगितला जाणारा उपाय, म्हणजे पाणी काढून टाकणे, तोच तेथे सर्वांत महाग आहे.

रंग देणाऱ्या द्रव्यांत मोठा वाटा टॅनिनांचा असतो. टॅनिने म्हणजे वनस्पतींनी तयार केलेली, अनेक फिनॉल-गट असलेली संयुगे. झाडाची साल, गाभ्याचे लाकूड, पाने आणि कच्ची फळे यांत ती साठतात आणि कीड, बुरशी व चरणारी जनावरे यांच्यापासून झाडाचे रक्षण करतात. प्रथिनांना घट्ट धरून ठेवणे हा त्यांचा मुख्य गुण होय. लाळेतील प्रथिनांना ती धरतात तेव्हा जिभेला तुरटपणा जाणवतो, आणि कातड्यातील प्रथिनांना धरतात तेव्हा सहजी न कुजणारे चामडे तयार होते. महाराष्ट्राला ही द्रव्ये मुळीच परकी नाहीत. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावले जात आले आहे; मराठवाड्याच्या माळरानावर पिवळ्या फुलांनी उठून दिसणाऱ्या तरवडाची साल याच कामी येत असे; कोकणातील कात हा खैराच्या गाभ्यातून उकळून काढलेला टॅनिनयुक्त अर्क आहे; आणि हिरड्याच्या काढ्यात हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, घातले की जी काळीभोर शाई होते, तिने बोरूच्या काळात पुष्कळ लिखाण झाले. लोहाचा अंश असलेल्या पाण्यात भिजवलेले लाकूड कधीकधी तपकिरीऐवजी काळपट झाक का देते, याचा उलगडाही याच शाईत आहे. टॅनिनांच्या जोडीला कुजत्या वनस्पतिद्रव्यातून ह्यूमिक आणि फल्विक आम्ले पाण्यात येतात. ही आम्ले म्हणजे लाकूड व पाने सूक्ष्मजीवांनी अर्धवट मोडल्यावर मागे राहणारे, सहज न मोडणारे, गडद रंगाचे कार्बनी अवशेष होत. या सर्वांचे मिळून पाण्याला जे रूप येते, त्याला कोऱ्या चहाची उपमा दिली जाते, आणि ती रासायनिकदृष्ट्याही चपखल आहे, कारण चहाचा तुरटपणा त्याच कुळातील द्रव्यांचा असतो.

दुकानात ज्याला ड्रिफ्टवूड म्हणतात, ते नावाप्रमाणे नदीने किंवा समुद्राने वाहून आणलेले लाकूड असतेच असे नाही. पुष्कळदा ती जमिनीतून खणून काढलेली, साल सोलून व वाळू मारून साफ केलेली मुळे असतात. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील मोपानी, जड आणि गडद असे ‘मलेशियन’ नावाने विकले जाणारे लाकूड, आणि बारीक फांद्यांचे, कोळ्याच्या पायांसारखे पसरलेले ‘स्पायडर वूड’ हे प्रकार भारतातील दुकानांत नेहमी दिसतात. हा भेद रंगाच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. जे लाकूड खरोखरच वर्षानुवर्षे वाहत्या पाण्यात पडून राहिले, त्यातील विरघळणारे द्रव्य पाण्यानेच धुऊन नेलेले असते, आणि जे नुसतेच वाळवून पिशवीत भरले गेले, त्यातील जवळजवळ सगळा साठा विकत घेणाऱ्याच्या टाकीसाठी शिल्लक असतो. मोपानीचा वीतभर तुकडा पांढऱ्या बादलीत बुडवून ठेवला, तर ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. पाणी स्थिर असेल तर पहिल्या रात्रीच कापलेल्या टोकाकडून रंगाचे बारीक धागे निघून तळाशी साचू लागतात, वरचे पाणी तसेच स्वच्छ राहते आणि तळाशी बोटभर जाडीचा पिवळा थर तयार होतो. एकदा पाणी ढवळले की तो थर सगळ्या बादलीभर पसरतो आणि कालपर्यंत दिसणारा बादलीच्या बुडावरचा छाप अंधूक होतो. काही दिवसांनी नव्या लाकडावर, विशेषतः स्पायडर वूडवर, पांढरट, बुळबुळीत, कापूस चिकटल्यासारखी साय धरते. ती लाकडातील शर्करांवर वाढणाऱ्या बुरशीची व जिवाणूंची असते, बोटाने पुसता येते आणि अन्न संपले की आपोआप नाहीशी होते. तरी रंगाच्या धास्तीत ही नवी धास्ती मिसळून चांगले लाकूड फेकून देणारे कमी नाहीत.

असे रंगीत पाणी निसर्गात दोष मानले जात नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील रिओ निग्रो ही नदी या रंगामुळेच प्रसिद्ध आहे. वालुकामय, पोषकद्रव्यहीन जमिनीवरील जंगलातून झिरपत येताना तिच्या पाण्यात पालापाचोळ्याचा अर्क उतरतो आणि मानाउस शहराजवळ ती गाळाने फिकट दिसणाऱ्या सोलिमोइस नदीला मिळते, तेव्हा दोन्ही प्रवाह बराच काळ एकमेकांत न मिसळता शेजारी शेजारी वाहताना दिसतात. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हा जर्मन निसर्गशास्त्रज्ञ १८०० साली ओरिनोकोकडून या प्रदेशात गेला आणि काळ्या पाण्याच्या नद्यांची त्याने बारकाईने नोंद केली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास हाराल्ट सिओली याने ॲमेझॉनच्या पाण्याचे पांढरे, स्वच्छ आणि काळे असे जे वर्गीकरण केले, ते आजही वापरले जाते. या काळ्या पाण्यात क्षार नगण्य असतात आणि त्याचा सामू चार ते पाचच्या आसपास असतो. सामू म्हणजे पाण्याची आम्लता मोजण्याचे माप. सात हा उदासीन बिंदू, त्याखाली आम्ल आणि त्यावर अल्क. लाल-निळ्या पट्ट्यांचा कार्डिनल टेट्रा हा मासा अशाच पाण्यातील आहे, आणि दुकानातील ‘फायटर’ ज्या कुळातला, त्या कुळातील काही जाती आग्नेय आशियातील पीट दलदलींच्या गडद पाण्यात राहतात. फायटरची पैदास करणारे टाकीत देशी बदामाची वाळलेली पाने टाकतात, ती पाण्याला हाच अर्क मिळावा म्हणून. एकाने पैसे मोजून जे पाण्यात घालावे, तेच दुसऱ्याने पैसे मोजून काढावे, अशी ही हौशी जगातील गंमत आहे.

मग तपकिरी पाणी पाहून मन साशंक का होते, याचे उत्तर मत्स्यशास्त्रात मिळत नाही, ते पिण्याच्या पाण्याच्या मानकांत मिळते. ॲलन हेझन या अमेरिकी अभियंत्याने १८९२ साली प्लॅटिनम व कोबाल्ट यांच्या क्षारांच्या पिवळसर द्रावणाशी तुलना करून पाण्याचा रंग मोजण्याची पद्धत सुचवली, ती मुख्यतः वनस्पतिजन्य रंगासाठीच; आणि भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ च्या आवृत्तीनुसार, पिण्याच्या पाण्यात हा रंग ५ हेझन एककांपर्यंत स्वीकार्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर १५ पर्यंत चालवून घेण्याजोगा मानते. माणसाच्या बाबतीत ही मर्यादा निराधार नाही. ह्यूमिक द्रव्ये असलेल्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन घातले की ट्रायहॅलोमिथेन नावाची अपायकारक संयुगे तयार होतात, हे योहान्नेस रोक याने १९७४ साली दाखवून दिले होते. परंतु जे मानक नळासाठी लिहिले गेले, ते टाकीला लावले जाते तेथे चूक होते. माशाला ते पाणी प्यायचे नसते, त्यात राहायचे असते.

बजाजनगरची वस्ती उभी राहिली ती कारखान्यामुळे. बजाज ऑटोचा वाळूज येथील कारखाना १९८५ साली सुरू झाला, त्याच्या आसपास सुट्या भागांचे कारखाने आले, आणि बीड, जालना, परभणी, लातूर या जिल्ह्यांतून कामाला आलेल्या कुटुंबांनी या नगराला आकार दिला. पाणी जपून वापरण्याची सवय ही कुटुंबे गावाहूनच घेऊन आली. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते काही दूरचे गाव नव्हे. औद्योगिक वसाहतीला पाणी येते ते पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून, ज्याची पायाभरणी १९६५ साली झाली, जे १९७६ साली पूर्ण झाले आणि ज्याच्या जलाशयाला संत एकनाथांवरून नाथसागर हे नाव मिळाले. शेजारच्या शहराला याच नाथसागरातून मिळणारे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने येते, ही तक्रार जुनी आहे. नळाच्या जोडीला बोअर असते, आणि उन्हाळ्यात टँकर.

या पाण्याचा स्वभाव टॅनिनांच्या प्रश्नात निर्णायक ठरतो. सारा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाच्या काळ्या खडकावर, वसलेला आहे, आणि या खडकाच्या भेगांतून उपसलेले पाणी बहुधा जड असते. जड पाणी म्हणजे ज्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार जास्त असतात ते. त्याला साबणाचा फेस लवकर येत नाही, त्यात डाळ शिजायला वेळ लागतो आणि नळाच्या तोटीवर ते पांढरे थर धरते. या क्षारांबरोबर पाण्यात बायकार्बोनेट असतात आणि ते आम्लाला शोषून घेऊन सामू हलू देत नाहीत. टॅनिने व ह्यूमिक आम्ले ही मुळात दुबळी आम्ले आहेत. अशा पाण्यात ती रंग देतात, पण सामूला हात लावू शकत नाहीत. त्यामुळे बोअरच्या पाण्याच्या टाकीत लाकूड घातल्यावर ‘पाणी ॲसिडिक होऊन मासे मरतील’ ही भीती जितकी पोकळ, तितकीच ‘लाकूड घातले की रिओ निग्रो तयार होईल’ ही आशाही पोकळ. नाथसागरातून नळाला येणारे पाणी बोअरपेक्षा मऊ असले, तरी तेही याच खडकावरून वाहत आलेले असल्याने त्याची परिस्थिती फार वेगळी नसते. गप्पी, मॉली, गोल्डफिश हे घरोघरी असणारे मासे तर जड पाण्यात सुखाने राहणारे आहेत.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. घरात आरओ यंत्र असले की ‘माशांना चांगले पाणी द्यावे’ या सद्भावनेने टाकी निव्वळ आरओच्या पाण्याने भरली जाते. त्या पाण्यातून क्षारांबरोबर बायकार्बोनेटही निघून गेलेले असतात, सामूला आधार उरत नाही, आणि नवे, रंग सोडणारे लाकूड अशा पाण्यात थोड्या दिवसांत सामू बराच खाली नेऊ शकते. तेथे अपाय खरा आहे, पण तो लाकडाचा म्हणण्यापेक्षा पाण्याच्या निवडीचा आहे. आरओचे पाणी नळाच्या पाण्यात मिसळून घातले की प्रश्न बहुतांशी मिटतो.

पाणी रंगले आहे की गढुळले आहे, हे उपायाआधी ओळखायला हवे. पावसाळ्यात नळाला येणारे मातकट पाणी, जिवाणू वाढल्याने दुधाळ झालेले पाणी आणि शेवाळाने हिरवे झालेले पाणी यांतून पलीकडचे धूसर दिसते, कारण त्यांत तरंगणारे कण असतात. टॅनिनाचे पाणी गडद असूनही पारदर्शक असते. काचेच्या पेल्यात ते घेऊन पांढऱ्या कागदावर धरले तर कागदावरची अक्षरे स्वच्छ वाचता येतात, फक्त कागद जुना वाटतो. पेला रात्रभर ठेवला तर मातीचे पाणी निवळते, लाकडाचे निवळत नाही. येथेच घरगुती शहाणपण अपुरे पडते. हंड्यात तुरटी फिरवणे किंवा निवळीचे बी उगाळून घालणे हे गढूळ पाण्याचे जुने आणि खात्रीचे उपाय आहेत, आणि जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीने वनस्पतिजन्य रंगही काढला जातो. पण तो सामूवर नजर ठेवून, आणि खाली बसलेला साका वेगळा करून. माशांच्या टाकीत तुरटी टाकली तर पाण्याची अल्कता खर्ची पडते आणि ॲल्युमिनियम थेट माशांच्या कल्ल्यांपर्यंत पोहोचते, म्हणून ती टाकू नये.

पाणी बदलण्याच्या उपायाचा हिशेब सहसा कोणी करत नाही. दोन फूट लांब, फूटभर रुंद व फूटभर उंच टाकीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते. त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे पाऊण बादली, चार वेळा बदलला, तर जवळजवळ एक टाकीभर पाणी खर्च होऊनही मूळ रंगाचा तिसरा हिस्सा टाकीत शिल्लक राहतो, आणि हे लाकडाने त्या अवधीत नवा रंग अजिबात सोडला नाही असे धरून. प्रत्यक्षात ते सोडतच असते. ताज्या मोपानीच्या बाबतीत तर काही महिने. एकदम सगळे पाणी बदलावे, तर फिल्टरमधील व वाळूतील उपयुक्त जिवाणूंची घडी विस्कटते, नळाचे क्लोरीन घालवण्यासाठी अँटी-क्लोरीन घालावे लागते, आणि तापमानाच्या धक्क्याने मासे आजारी पडतात. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलणे हे माशांच्या मलमूत्रातून साचणाऱ्या नायट्रेटसाठी आवश्यकच आहे, ते होत राहावे. केवळ रंगासाठी त्यापलीकडे बादल्या उपसणे, ज्या वस्तीत पाण्याची वेळ पाहून कामाच्या पाळ्या आखल्या जातात, तेथे शोभत नाही.

त्यापेक्षा पाणी वाचवणारा उपाय सक्रियित कोळशाचा आहे. नारळाच्या करवंटीसारखे द्रव्य जाळून, मग वाफेने किंवा रसायनाने त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडून हा कोळसा तयार होतो, आणि त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या पृष्ठांचे क्षेत्रफळ हजार चौरस मीटरच्या घरात जाऊ शकते. त्या पृष्ठांवर रंगद्रव्याचे रेणू येऊन चिकटतात. या क्रियेला अधिशोषण म्हणतात, आणि ते शोषण्यापेक्षा वेगळे अशासाठी की द्रव्य आत मुरत नाही, पृष्ठभागावर धरले जाते. कोळसा जाळीच्या पिशवीत भरून, नळाखाली त्याची काळी भुकटी निघून जाईपर्यंत धुऊन, फिल्टरच्या वाहत्या पाण्यात ठेवला की दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. तीन-चार आठवड्यांत त्याच्या जागा भरतात आणि तो बदलावा लागतो. टाकीत औषध घातले असेल तेव्हा तो काढून ठेवावा, नाहीतर रंगाबरोबर तो औषधही धरून ठेवतो. कृत्रिम राळेचे दाणेही हेच काम करतात आणि ब्लीचने धुऊन पुन्हा वापरता येतात, मात्र ते महाग पडतात, आणि ब्लीचचा अंश उरू न देण्याची काळजी घेण्याइतका उत्साह सर्वांच्या अंगी नसतो.

तरीही सर्वांत शहाणा मार्ग लाकूड टाकीत जाण्यापूर्वीचा आहे. जुन्या, स्वयंपाकात न वापरायच्या पातेल्यात तास-दोन तास उकळल्याने रंग वेगाने निघतो, बुरशीचे बीजाणू मरतात आणि लाकडातील हवा निघून ते बुडू लागते. पातेल्यात न मावणारा ओंडका गच्चीवर बादलीत भिजत ठेवावा आणि आठवड्याने पाणी बदलावे. तरंगणारे लाकूड खाली दाबून ठेवण्यासाठी हाताशी असतो तो शहाबादी फरशीचा तुकडा, पण शहाबादी हा चुनखडक आहे आणि पाण्याचा जडपणा वाढवतो; लिंबाचा रस टाकल्यावर फेस आला तर तो दगड टाकीत नको. वेरूळच्या लेण्यांचा जो काळा पाषाण, तो बेसाल्ट या परिसरात पायाखाली कोठेही सापडतो आणि पाण्यात तो निरुपद्रवी राहतो. लाकूड मात्र पायाखालचे घेऊ नये. कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्यालगत किंवा खाम नदीच्या काठी सापडलेल्या मुळकांडात टॅनिनांखेरीज आणखी काय मुरले आहे, हे उकळून कळत नाही.

नितळ पाण्याच्या आग्रहामागे अलीकडच्या अभिरुचीचाही हात आहे. जपानच्या ताकाशी अमानो याने लाकूड, दगड व वनस्पती यांनी रचलेल्या टाक्यांची जी शैली विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय केली, तिची छायाचित्रे आज जगभरच्या हौशी लोकांसमोर आदर्श म्हणून असतात. त्यांत लाकूड जुनाट, सुरकुतलेले हवे आणि पाणी मात्र जणू नाहीच इतके पारदर्शक हवे असते. या शैलीत वनस्पतींना भरपूर प्रकाश लागतो आणि टॅनिने निळा प्रकाश गिळतात, म्हणून तेथे रंग काढणे समर्थनीय आहे. ज्या टाकीत दोन अनुबियास, थोडे जावा मॉस आणि डझनभर गप्पी आहेत, तेथे तो आग्रह उसना आहे. उलट मंद झालेल्या प्रकाशात शेवाळ सावकाश वाढते, ह्यूमिक द्रव्ये तांब्यासारख्या धातूंचे आयन धरून त्यांची विषारीपणाची धार कमी करतात, आणि बुजरे मासे उजेडापासून आडोसा मिळाल्याने मोकळेपणी पुढे येतात. पाण्यात लाकूड असावे पण लाकडाची खूण नसावी, ही अपेक्षा मुळातच थोडी अन्यायाची वाटते.

म्हणून ज्याला नितळ पाणीच हवे, त्याने लाकूड आणल्या दिवशी टाकीत न टाकता महिनाभर बादलीत ठेवावे आणि टाकीत गेल्यावर कोळशाची पिशवी लावावी. बाकीच्यांनी उरलेला फिका रंग खुशाल राहू द्यावा. बादलीतले तपकिरी पाणी, आणि मीठ किंवा औषध घातलेले नसेल तर टाकीतले बदललेले पाणीही, मोरीत न ओतता कुंड्यांना घालावे.